स्टिकर '5.1 डिकोडर'चं, आत नुसता स्टिरिओ

सांगली-मिरजेकडे असेंबल होमथिएटर घेणाऱ्यांनी खरेदीआधी हे वाचावं. विश्रामबागच्या एका गिऱ्हाइकाला 'डॉल्बी-डीटीएस 5.1 डिकोडर' (दाबून पाठवलेला सहा चॅनेलचा डिजिटल आवाज उलगडणारा) म्हणून विकलेला डबा उघडला, तर आत डिकोडरची चिपच नव्हती. ऑप्टिकल इनपुटमागे दोन चॅनेलचा एकच डॅक (डिजिटल आवाजाचा अ‍ॅनालॉग सिग्नल करणारी चिप) आणि पुढे 4558 या साध्या ऑप-अँप (सिग्नल वाढवणाऱ्या, मिसळणाऱ्या) आयसींची रांग. डावा-उजवा मिळवून सेंटर, एकातून दुसरा वजा करून मागचे स्पीकर, बास गाळून सबवूफर. 'डॉल्बी'चा दिवा थेट पॉवर सप्लायवर, म्हणजे सिग्नल नसला तरी पेटणारच! खऱ्या 5.1 ला डिकोडर चिप तर लागतेच, शिवाय सहा आउटपुटचा डॅक किंवा तीन स्टिरिओ डॅक लागतात.

दुकानदार जोडणी करताना टीव्हीचा डिजिटल ऑडिओ 'पीसीएम'वर (न दाबलेला साधा डिजिटल आवाज) ठेवतो आणि 'याला हात लावू नका' म्हणतो. मेख इथेच आहे. ऑप्टिकलमधून पीसीएमचे दोनच चॅनेल जातात, 5.1 पाठवायचं तर ते डॉल्बी डिजिटल किंवा डीटीएसमध्ये दाबून बिटस्ट्रीम म्हणूनच जातं. नकली डब्याला तो उलगडता येत नाही, म्हणून टीव्हीकडूनच स्टिरिओ करून घेतात.

तेव्हा पैसे देण्याआधी दुकानातच तपासा. पेनड्राइव्हवर एसी-3 (म्हणजे डॉल्बी डिजिटल) स्वरूपातली 5.1 चॅनेल-टेस्ट फाइल न्या, टीव्ही 'बिटस्ट्रीम' किंवा 'पास-थ्रू'वर टाका. व्हॉल्यूम अगदी कमी ठेवा, कारण नकली डब्यात एकतर शांतता असते नाहीतर जोराचा खरखराट, आणि त्यात ट्वीटर (बारीक आवाजाचा छोटा स्पीकर) उडू शकतो. आवाज आलाच, तर 'मागचा डावा'च्या वेळी फक्त तोच स्पीकर वाजायला हवा. पुढचा डावाही वाजला की समजा, आत स्टिरिओच आहे. यूट्यूबवरच्या 'टेस्ट'वर विसंबू नका, ते व्हिडिओ बहुतेक स्टिरिओच असतात. सगळे स्पीकर वाजतात हाही पुरावा नव्हे; स्टिरिओ पसरवून तेवढं कुणीही करतं.

'ऑप्टिकलवर ट्रूएचडी (डॉल्बीचा दर्जा न घटवता दाबलेला आवाज) चालतं' असं कुणी सांगितलं तर ते साफ खोटं. त्याला एचडीएमआय लागतं, आणि टीव्हीमार्गे आणायचं तर टीव्ही आणि डबा दोन्हीकडे ई-आर्क (टीव्हीतला आवाज एचडीएमआयवरून बाहेर पाठवायची सोय) हवं.

पक्क्या बिलावर 'डॉल्बी डिजिटल 5.1 डिकोडर' हे शब्द लिहून घ्या. नुसतं 'होमथिएटर' लिहिलं असेल तर नंतर दुकानदार हात वर करतो. फसलाच असाल तर डब्याच्या आतले फोटो काढून ठेवा आणि 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. जिल्हा ग्राहक आयोगाकडे जायला दोन वर्षांची मुदत असते.