कव्हेन की ग्रोव्ह? आधी मॅजिकचं काय ते ठरवा

इंग्लंडात येऊन पेगन, म्हणजे ख्रिस्तपूर्व युरोपातल्या निसर्गपूजेचा धागा धरणाऱ्या, वाटेकडे वळलेली आपली माणसं वाटतात तितकी कमी नाहीत. वर्षाकाठी दोन-तीन जण तरी मला गाठतात आणि विचारतात, विक्काच्या कव्हेनमध्ये जाऊ की ड्रुइडांच्या ग्रोव्हमध्ये? विक्का म्हणजे आधुनिक चेटूक-धर्म, कव्हेन हा तिचा छोटा गट. ड्रुइड म्हणजे प्राचीन केल्टिक पुरोहितांचं नाव घेणारे आजचे निसर्गपूजक, ग्रोव्ह हा त्यांचा गट. आठ सण, चार दिशा, देवी आणि शिंगवाला देव हे सगळं त्यांचं वाचून झालेलं असतं, म्हणून त्यात मी शिरत नाही. सणांवरून निवड करायला जाऊच नका. वर्षाचं आठ आऱ्यांचं चाक दोन्हीकडे तेच आहे, आणि ते साहजिकच आहे. विक्का उभी करणारा जेराल्ड गार्डनर आणि ड्रुइडांचा रॉस निकल्स एकमेकांचे मित्र होते, १९५०च्या दशकात ते चाक त्यांच्याच उठण्याबसण्यातून आकाराला आलं.

फरक आहे तो मॅजिकचा. इंग्रजीत शेवटी जास्तीचा 'के' लावून लिहितात ते मॅजिक. ॲलिस्टर क्राउली या इंग्रज गूढविद्यावाल्याने तो 'के' रूढ केला, रंगमंचावरच्या टोपीतल्या सशापासून वेगळं दिसावं म्हणून. त्याची व्याख्या साधारण अशी की आपल्या इच्छाशक्तीप्रमाणे बदल घडवून आणण्याचं शास्त्र आणि कला म्हणजे मॅजिक. मराठीत याला शब्द शोधताना माझी दमछाक झाली. 'जादू' म्हटलं की ससा येतो. 'जादूटोणा' म्हटलं की २०१३चा कायदा आणि पोलीस. 'अनुष्ठान' थोडं जवळचं वाटतं, पण अनुष्ठानात करणारा देव असतो आणि आपण फक्त आर्जव करतो. मॅजिकमध्ये करणारे तुम्ही. देवी साक्षीला असेल, मदतीलाही असेल, पण ढकलायचं तुम्हीच. म्हणून मी आता 'मॅजिक'च म्हणतो.

एका गार्डनेरियन परंपरेच्या कव्हेनच्या बाहेरच्या वर्तुळात मी चौदा महिने होतो. दीक्षेआधीच्या उमेदवारांचा हा वर्ग. 'एक वर्ष आणि एक दिवस' थांबायचं, मग दीक्षेचं बघायचं, अशी जुनी रीत आहे. माझ्यावर ती वेळ आली तेव्हा मी नम्रपणे नको म्हटलं. त्यानंतर ड्रुइडांकडे गेलो, त्याला आता सहावं वर्ष चालू आहे. म्हणजे पारडं कुठे झुकणार ते तुम्हाला कळलंच असेल. तरी कव्हेनबद्दल चांगलं बोलायचं तेवढं आधी बोलून घेतो, कारण ते खरंच चांगलं आहे.

कव्हेनमधलं विधीचं कसब ड्रुइडांकडे नाही. मीठ, पाणी, धूप, काळ्या मुठीची अथामे, म्हणजे विधीची सुरी, घेऊन आखलेलं रिंगण, मग एकेका दिशेचं आवाहन. स्तोत्रांच्या न्यासाच्या शेवटी 'इति दिग्बन्धः' म्हणत चिमूट फिरवणारे आजोबा ज्याने पाहिलेत, त्याला हे रिंगण समजावून सांगावं लागत नाही. फरक इतकाच की आजोबांची चिमूट दोन सेकंदांत फिरायची आणि इथे अर्धा तास जातो, पण त्या अर्ध्या तासात दिवाणखान्याचा गाभारा होतो. सोफा भिंतीला लावलेला, टीव्हीवर चादर टाकलेली, आणि तरीही. आठ-नऊ माणसं एकमेकांच्या श्वासाला श्वास लावतात. गोल फिरत जप वाढवत नेतात, आवाज टिपेला पोचतो आणि जिच्याकडे सूत्रं असतात ती बाई एका क्षणी हात खाली आणते. यालाच शक्तीचा शंकू उभा करणं म्हणतात. त्यानंतरची शांतता मी आजही विसरलेलो नाही. शिकवणीचे पैसे घेत नाहीत, हा परंपरेचा दंडकच आहे. माणसं मोजकी असल्यामुळे महिन्याभरात घरच्यासारखी होतात. गार्डनरच्याच कव्हेनमधल्या डोरीन व्हॅलिएंटने १९५०च्या दशकात त्याच्या विधींच्या मजकुरावरून हात फिरवला, त्यात जी भाषा उतरली ती भाषा मेणबत्तीच्या उजेडात ऐकणं हा वेगळाच अनुभव असतो.

मग घोडं कुठे अडलं?

वहीशी. आमच्या गटात दर पौर्णिमेला रिंगण आखून झालं की विचारत, "आज कोणाचं काय काम आहे?" काम म्हणजे मॅजिक कशासाठी करायचं ते. कुणाचं घर विकलं जात नाही, कुणाला नोकरी हवी, कुणाची पाठ धरलीय. काम ठरायचं आणि वहीत तारखेनिशी नोंद व्हायची. पुढच्या पौर्णिमेला चहाच्या वेळी वही उघडायची आणि झालेल्या कामापुढे बरोबरची खूण पडायची. घर विकलं गेलं, खूण. विकलं गेलं नाही पण ते टिकवायची बुद्धी झाली, तरी खूण. कारण वैश्विक शक्तीला जास्त कळतं. चौदा महिन्यांत एकदाही फुली पडलेली मी पाहिली नाही.

माझीही एक खूण आहे त्या वहीत. माझा कायम वास्तव्याचा अर्ज गेला होता. तीन महिने कागद जमवले होते, परीक्षा दिली होती, फी भरताना हात थरथरला होता. गटातल्या लोकांनी आपुलकीने माझ्यासाठी शंकू उभा केला, आणि माणसं इतकं करतात म्हणून माझेही डोळे भरून आले. तीन आठवड्यांनी पत्र आलं. चहाच्या वेळी खूण झाली, टाळ्या झाल्या. मीही टाळ्या वाजवल्या. गाडीत बसल्यावर मात्र चिडचिड झाली, आणि कशाने ते मला धड सांगता येईना. श्रेय गेलं म्हणून नव्हे. माझ्या आयुष्यातल्या एका गोष्टीची पावती फाडली गेली, असं काहीतरी वाटलं.

तशी ही सवय या परंपरेत जुनीच आहे. १९४०मध्ये दक्षिण इंग्लंडातल्या न्यू फॉरेस्टच्या चेटकिणींनी हिटलरने इंग्लंडात येऊ नये म्हणून शंकू उभा केला, असं गार्डनर सांगायचा. त्याला आधार त्याच्या शब्दाचाच. हिटलर आला नाही हे खरं, पण कारणं मोजायला बसलात तर मध्ये रॉयल एअर फोर्सही येते. ही गोष्ट आमच्याकडे दर उन्हाळ्यात निघायची आणि ऐकताना मला हटकून वही आठवायची.

पण खूण एकवेळ चालली असती. मला खुपलं ते त्याच्या आधीचं. आठव्या-नवव्या महिन्यात माझ्यापुढे काहीच काम नव्हतं. तब्येत बरी, नोकरी चालू, घरी सगळं ठीक. पाळी आली तेव्हा मी म्हटलं, "आज माझं काही नाही." सगळ्यांनी माझ्याकडे काळजीनेच पाहिलं. पुढच्या पौर्णिमेला मी येताना गाडीत इच्छा शोधत होतो. तिसऱ्या वेळी शोधून काढली, प्रमोशन. मला प्रमोशन नको होतं! पोट भरलेलं असताना हॉटेलात शिरायचं आणि वेटर उभा आहे म्हणून काहीतरी मागवायचं, तसं ते झालं.

यात माझ्या घरचा दोष असेल, हे मान्य करून पुढे लिहितो. मी नवसाच्या घरातला. दहावीला एक नवस, इंजिनिअरिंगला एक, बहिणीच्या लग्नाला दोन. आईच्या डोक्यात सगळा हिशेब असायचा, कुठे नारळ, कुठे ओटी, कुठे पाच सवाष्णी. आमच्या सुट्ट्या नवस फेडण्यात जायच्या. आजीचं नेमकं उलट होतं. ती रोज देवांना आंघोळ घालायची, गंध लावायची, दुधाची वाटी पुढे ठेवायची आणि उठायची. काय मागितलंस असं लहानपणी विचारलं तर म्हणाली, "मागायचं काय, ते पण घरातलेच." मी परदेशात येऊन चंद्राखाली उभा राहिलो तो बहुधा आजीचं काहीतरी शोधत, आणि सापडली आईची वही. नवस आणि मॅजिक एक नव्हेत, हे खरं. नवसात देवाशी करार असतो, मॅजिकमध्ये भार स्वतःवर. तरी दोन्हीकडे रात्री झोपताना हिशेब मनात उरतोच.

एक गोष्ट मात्र कव्हेनच्या बाजूने सांगायलाच हवी. बाहेरच्यांना वाटतं तशी बेफिकिरी तिथे नव्हती. 'कुणाला इजा न करता हवं ते कर' हे विक्काचं वचन आणि केलेलं तिप्पट परततं हा नियम, दोन्ही लोक मनापासून पाळत. एकाला रात्री धिंगाणा घालणाऱ्या शेजाऱ्याला 'बांधायचं' होतं. त्यावर तासभर वाद झाला. ज्याची संमती नाही त्याच्यावर काम करायचं का, आजाऱ्यासाठी न विचारता करणंही गैर आहे का, अशी चर्चा पार कीस पडेपर्यंत चालली. शेवटी शेजाऱ्याला सोडून त्या माणसाच्या झोपेसाठी काम झालं. त्याने कानात घालायचे बोळेही घेतले, असं नंतर कळलं. वहीत खूण आहेच.

आता ड्रुइड. यांच्याकडे विधी दिवसाउजेडी आणि उघड्यावर. मी पहिल्यांदा गेलो ते एव्हबरीच्या प्राचीन दगडी वर्तुळापाशी, उन्हाळ्यातल्या सर्वांत मोठ्या दिवसाच्या जवळच्या रविवारी. दगडांच्या वर्तुळात गावाचा काही भाग वसलेला, मध्ये रस्ता, मेंढ्या चरतायत, पर्यटकांची पोरं दगडांवर टेकलेली. चार दिशांना चार जण गेले आणि प्रत्येकाने तिथे शांती असो म्हटलं, मगच पुढचं सुरू झालं. मग सगळ्यांनी मिळून 'आवेन' (वेल्शमध्ये प्रेरणा) तीनदा म्हटलं, आ-ऊ-एन असं लांबवत. ओंकार कानावर पडलेल्या माणसाला ते परकं वाटत नाही. ऋतूबद्दल चार शब्द, पाव आणि मीड (मधाची दारू) एकमेकांना देणं, आणि मग कविता.

कवितांबद्दल खरं सांगतो, बहुतेक वाईट असतात. ओकच्या झाडावर इतक्या कविता होऊ शकतात याची मला कल्पना नव्हती. विधीही ढिसाळ. कुणीतरी कागद विसरतं, वारा मेणबत्ती टिकू देत नाही, कुणाचा कुत्रा रिंगणात शिरतो आणि सगळे त्याला थोपटतात. प्राचीनतेचं म्हणाल तर दोन्हीकडे सारखीच गंमत. ड्रुइडांची म्हणायची प्रार्थना इओलो मॉर्गानुगची. हा अठराव्या शतकातला वेल्श गवंडी आणि कवी. जुनी हस्तलिखितं म्हणून त्याने बरंच काही स्वतःच लिहून ठेवलं. विक्काही १९५१मध्ये चेटूकविरोधी कायदा गेल्यावर आणि १९५४मध्ये गार्डनरचं पुस्तक आल्यावर उजेडात आली. ज्याला वेदकाळाइतकं जुनं हवं, त्याने दोन्हीकडे जाऊ नये.

ड्रुइडांमध्ये मॅजिक नाहीच, असंही नाही. मी ज्या ऑर्डरचा टपाली अभ्यासक्रम केला तिच्यात बार्ड, ओव्हेट, ड्रुइड अशा तीन पायऱ्या आहेत, आणि मधल्या पायरीवर ओघम या जुन्या आयरिश लिपीच्या काड्यांनी कौल घेणं, उपचार हे सगळं येतं. ज्याला करायचंय तो करतो. पण त्यावाचून विधी अडत नाही. सूर्य उत्तरेला टेकला, आपण आलो, पाहिलं, पाव खाल्ला, झालं. मागणं नसलं तरी कुणी काळजीने बघत नाही.

सगळ्यात अवघड तुलना आता येते, आणि इथे माझं मत थोडं डळमळतं. कव्हेनमधल्या एका बाईला केमोथेरपी चालू होती. तिच्यासाठी केलेलं काम ही माझ्या चौदा महिन्यांतली सर्वांत खरी रात्र. आम्ही नऊ जणांनी अर्धा तास दुसरं काहीही मनात आणलं नाही, फक्त ती. डायॉन फॉर्च्यून या ब्रिटिश गूढविद्या-लेखिकेने क्राउलीच्या व्याख्येत फेरफार करून मॅजिक म्हणजे जाणिवेत बदल घडवणं असं म्हटल्याचं सांगतात. त्या रात्री ते मला पटलं. बदल आमच्यात झाला होता. ग्रोव्हमध्ये अशा वेळी काय करतात? रिंगणात आजाऱ्याचं नाव घेतात, थोडा वेळ गप्प राहतात आणि पुढे जातात. तीव्रतेने पाहिलं तर ते फिकं आहे, मान्य. पण पुढच्या भेटीला कुणी वही उघडत नाही. कसं आहे आता, एवढंच विचारतात. मला तेवढं पुरतं. तुम्हाला कदाचित पुरणार नाही.

बाकीचं भराभर सांगतो. अभ्यासक्रमाला ड्रुइड पैसे घेतात, कव्हेन घेत नाही. पौर्णिमा मंगळवारी आली तर कव्हेन मंगळवारी, आणि बुधवारी सकाळी ऑफिस. ग्रोव्ह शनिवार-रविवार बघून ठरतं. घरातला देव्हारा काढा असं मला दोन्हीकडे कुणी म्हटलं नाही. आईला फोनवर ड्रुइड समजावून सांगायला दोन मिनिटं लागली, "झाडांची पूजा का? मग वटपौर्णिमेसारखंच की." कव्हेनचं मी तिला आजवर सांगितलेलं नाही. एकट्याने विक्का करणारेही पुष्कळ आहेत. १९८०च्या दशकापासून ती वाट चांगलीच रुळलीय, पण एकट्याने करायचं म्हणजे मॅजिकची पुस्तकं आणि मेणबत्त्यांची खरेदी यातच माणूस अडकतो, निदान मी अडकलो होतो.

ज्याला शिस्त हवी, हाताला धरून शिकवणारं माणूस हवं, इच्छेला नीट आकार देण्याची कला हवी, त्याला मी कव्हेनपासून अडवणार नाही. गट शोधायला पेगन फेडरेशन १९७१पासून आहे, पबमधल्या बैठकांना जाऊन माणसं पारखता येतात. फक्त पहिल्या भेटीत एक विचारून घ्या, ज्या पौर्णिमेला कुणाचंच काही काम नसतं, त्या रात्री तुम्ही काय करता? कव्हेन सोडायच्या आदल्या महिन्यात मी हे विचारलं होतं. वही सांभाळणाऱ्या बाईंनी थोडं आठवून पाहिलं आणि म्हणाल्या, "अशी पौर्णिमा अजून आलेली नाही."