राक्षसाचा वेष: टिनचं सिलिकॉन की प्लॅटिनमचं?

सिलिकॉन म्हणजे ओतल्यावर घट्ट होणारं लवचिक रबर; ते घट्ट करणारं रसायन टिनचं असतं किंवा प्लॅटिनमचं. टिनवालं सिलिकॉन स्वस्त आणि बिनतक्रार. जवळपास कशावरही ओता, घट्ट होतं. पण कालांतराने आकसतं, काही वर्षांत फाटू लागतं, आणि त्वचेवर लावायचं नाही. शिंगं-नखांचे साचे काढायला मात्र झकास. त्यात रेझिन, म्हणजे ओतल्यावर कडक होणारं प्लास्टिक, ओतायचं.

चेहऱ्याला भिडणारे गाल, कान, मान यांसाठी प्लॅटिनमवालंच, तेही त्वचेला सुरक्षित म्हणून विकलं जाणारं. ते जवळजवळ आकसत नाही, ताणलं तरी मूळ आकारात येतं. किंमत झोंबते, आणि नखरे तर विचारूच नका! गंधक असलेली माती, लेटेक्सचे हातमोजे, एवढंच काय, टिन-सिलिकॉनचा साचा. यातलं काहीही लागलं की पृष्ठभाग चिकटच राहतो. तेव्हा गंधकविरहित माती, व्हिनाइलचे हातमोजे आणि नीट वाळवून सील केलेला प्लास्टरचा साचा. बऱ्याच प्रकारांत दोन भाग १:१ मिसळायचे, म्हणून मापाची कटकट कमी. टिनमध्ये हार्डनर (घट्ट करणारं रसायन) वजनाच्या टक्क्यांत मोजावा लागतो.

रंगाचं दुखणं दोन्हीकडे सारखंच. साधा अ‍ॅक्रिलिक पापुद्र्यासारखा सोलून निघतो; रंगद्रव्य सिलिकॉनमध्येच घोळून लावावं.

पैसे मोजकेच असतील तर ते चेहऱ्यावर खर्चावेत. शिंगांकडे कोण निरखून बघतंय?