रक्त कधी चढवायचं: ‘नाइस’ की ‘एएबीबी’?

हिमोग्लोबिन ७च्या (ग्रॅम प्रति डेसिलिटर) खाली गेलं की रक्त, हे परळच्या वॉर्डांत रेसिडेंटला पाठ असतं. आकड्यामागचा पुरावा किती भक्कम, हा पुढचा प्रश्न.

त्यात अमेरिकेतल्या ‘एएबीबी’ या रक्तसंक्रमणातल्या संघटनेची २०२३ची मार्गदर्शिका सरस. ४५ क्लिनिकल चाचण्या, वीस हजारांवर प्रौढ रुग्ण, आणि सल्ला किती ठाम, पुरावा किती खात्रीचा हे प्रत्येक शिफारशीपुढे लिहिलेलं. हृदयशस्त्रक्रियेला ७.५, हाडांच्या शस्त्रक्रियेला किंवा आधीपासून हृदयविकार असेल तर ८, असे बारकावेही आहेत. पण हे सगळं फक्त लाल पेशींपुरतं.

ब्रिटनमध्ये उपचारांच्या मार्गदर्शिका काढणाऱ्या ‘नाइस’ या संस्थेची मार्गदर्शिका २०१५ची, तरी वापरायला सोयीची. प्लेटलेट, प्लाझ्मा, लोह, रुग्णाला काय सांगायचं, सगळं एका जागी. (तिथलं ७० ग्रॅम प्रति लिटर म्हणजे आपल्या रिपोर्टमधलं ७.) रक्तस्राव सुरू नसेल तर एकच पिशवी द्या आणि पुन्हा तपासा, हा तिचा सल्ला मला सोन्यासारखा वाटतो.

मुंबईत खरा कस थॅलेसेमियाच्या, म्हणजे नियमित रक्त लागणाऱ्या आनुवंशिक रक्तविकाराच्या, मुलांपाशी लागतो. त्यांना रक्त देण्याआधीची पातळी साधारण ९ ते १०.५ राखतात. नियमित रक्त लागणाऱ्यांना ‘नाइस’ ७च्या नियमातून सरळ वगळते. ‘एएबीबी’ची मुलांची शिफारसही हा आजार नसलेल्यांसाठीच आहे, पण घाईत ती अट नजरेतून निसटते.

ताज्या हार्ट अटॅकला ‘नाइस’ ८ सांगते. हार्ट अटॅकच्या रुग्णांवरच्या नोव्हेंबर २०२३च्या ‘मिंट’ या क्लिनिकल चाचणीत पातळी १०पर्यंत ठेवण्याकडे कल दिसला, सिद्ध मात्र झालं नाही. त्या रुग्णासाठी मी दोन्ही मार्गदर्शिका बाजूला ठेवून कार्डिओलॉजिस्टला विचारेन.