माझी स्कूटर चोरणाऱ्या मुलाने केलेलं सर्व्हिसिंग

मी पर्वती पायथ्याला राहते आणि डबे पोचवते. गाडी चोरीला गेली तेव्हा चौदा होते, आता एकवीस आहेत. गाडी सात वर्षांची अ‍ॅक्टिव्हा. ती बंद पडली तर त्या दिवशी एकवीस माणसं उपाशी आणि माझा गल्ला रिकामा. गॅरेजबद्दल मी जे लिहितेय ते गाडीवर पोट असलेल्या बाईचं मत म्हणून वाचा.

गॅरेजचं नाव देणार नाही. तिथे काम शिकणारा एक मुलगा बाल न्याय मंडळाच्या, म्हणजे अल्पवयीन मुलांचे खटले बघणाऱ्या मंडळाच्या, आदेशाने आलेला आहे, आणि अशा मुलाची ओळख पटेल असं काहीही जाहीर करायला बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ ने मनाई आहे. मनाई नसती तरी दिलं नसतं.

आधी कामाबद्दल. ऑइल, गिअर ऑइल, एअर फिल्टर, मागचे ब्रेक शू, बेल्ट आणि मजुरी मिळून १,९८० रुपये झाले. जुना बेल्ट ट्रेमध्ये ठेवून मला वाकवून दाखवला, आतल्या बाजूला चिरा पडल्या होत्या. स्पेअर नाना पेठेतून आणले आणि दुकानाचं बिल जोडून दिलं. चढावर गाडी ओढत नव्हती, ती आता दोन्ही पिशव्या भरून तळजाईचा चढ नीट चढते. तक्रार एकच. पाच वाजता या म्हणाले आणि गाडी साडेसातला मिळाली. संध्याकाळच्या डब्यांसाठी मला भाच्याची गाडी मागावी लागली. पाचपैकी चार तारे, एक त्या अडीच तासांचा कापला.

आता त्या मुलाबद्दल. माझी हीच स्कूटर त्याने चोरली होती.

सकाळी साडेअकराची वेळ. तिसऱ्या मजल्यावर डबा द्यायला गेले, किल्ली गाडीलाच राहिली. खाली आले तर गाडी नाही, चौदातले अकरा डबे गाडीवरच. चौथ्या दिवशी नदीकाठच्या रस्त्यावर गाडी सापडली. पेट्रोल संपलेलं, पुढचं मडगार्ड तुटलेलं, डब्यांचा पत्ता नाही. कॅमेऱ्यात दोन मुलं दिसली. त्यातला हा सोळा वर्षांचा, नववीत शाळा सुटलेला.

चौकीत मी एवढंच म्हटलं होतं, आत टाका त्याला. नंतर कळलं की त्याला जामीन मिळाला आणि तो घरी आहे. एकदा तर दांडेकर पुलावर समोरूनच चालत आला. त्या दिवशी माझ्या अंगाची नुसती आग झाली. कल्याणीनगरचा अपघात सगळ्यांच्या डोक्यात होता. मे २०२४ मध्ये एका अल्पवयीन मुलाच्या गाडीच्या धडकेत दोन तरुण जीव गेले आणि त्याच्या जामिनाच्या अटींमध्ये ३०० शब्दांचा निबंध होता, हे पुण्यात पोराटोरांना माहीत आहे. तो राग मलाही आला होता आणि आजही आहे. मला वाटलं, म्हणजे आता माझ्या गाडीबद्दलही एक निबंध लिहून घेतील आणि सोडून देतील.

याच रागात मी येरवड्याला जाऊन परिविक्षा अधिकारी, म्हणजे अशा मुलांवर देखरेख ठेवणाऱ्या मॅडमना भेटले. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि मग कायदा समजावला. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात मुलाला जामीन हाच नियम आहे, गुन्हा जामीनपात्र असो वा नसो. तो सराईत गुन्हेगारांच्या संगतीत जाईल, बाहेर त्याच्याच जिवाला धोका असेल किंवा त्याला सोडल्याने न्यायाचा हेतूच हरेल, अशी ठोस कारणं असली तरच नाकारायचा. संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय, असं कायद्याच्या तत्त्वांमध्येच लिहिलंय. चौकशी संपल्यावरही मंडळाकडे बरेच मार्ग असतात. समज देऊन घरी पाठवणं, गटात समुपदेशन, समाजसेवा, दंड, हमीवर पालकांच्या ताब्यात परिविक्षा, म्हणजे घरी राहून देखरेखीखाली. विशेष गृह, म्हणजे मुलाला ठेवून घेणारी सुधारसंस्था, या यादीत सगळ्यात शेवटी येतं, तेही जास्तीत जास्त तीन वर्षं. समाजसेवा म्हणजे काय हेही नियमात आहे: बाग राखणं, म्हाताऱ्या माणसांची सेवा, दवाखान्यात मदत, वाहतुकीला स्वयंसेवक.

मी म्हटलं, मॅडम, हे सगळं त्याच्यासाठी झालं. माझे अकरा डबे?

त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "हे तुम्ही त्यालाच सांगाल का? जबरदस्ती नाही."

मी नाही म्हटलं. दोन महिने नाहीच म्हणत होते.

दरम्यान आदेश झाला. आई-वडिलांच्या ताब्यात परिविक्षा, आणि सोबत काम शिकण्याची अट. गॅरेजचे मिस्त्री तयार झाले. त्यांना या कामाचा एक पैसा मिळत नाही. नियम त्यांनी स्वतःच घालून दिलेत. सकाळी साडेनऊला शटर उघडायला हजर राहायचं, नाही आला तर मिस्त्री स्वतः त्याच्या घरी जातात. कुणाच्या गाडीवर चक्कर मारायची नाही. गिऱ्हाइकांनी त्याला "छोटू" म्हणायचं नाही, नावाने हाक मारायची. शेवटचा नियम मला फार आवडला.

शेवटी मीच मॅडमना फोन केला. गाडीचा बेल्ट गेला होता आणि दुसरं ओळखीचं गॅरेज नव्हतं, हेही खरं. त्या स्वतः आल्या, त्याची आईही आली. गॅरेजच्या मागच्या खोलीत आम्ही पाच जण स्टुलांवर बसलो. तो मान खाली घालून "सॉरी काकू" म्हणाला. पढवलेलं होतं ते. मला तेवढ्याने काही वाटलं नाही.

मग मी एकेक डबा मोजायला लागले. एक डबा इंजिनिअरिंगच्या मुलीचा, तिची त्या दुपारी परीक्षा होती. दोन बँकेतल्यांचे. एक मधुमेही आजोबांचा, इन्सुलिन घेऊन ते जेवणाची वाट बघत बसले होते आणि त्यांना घाम फुटला. शेजारणीने साखरपाणी दिलं म्हणून निभावलं. मी रिक्षाने पोचले तेव्हा दीड वाजला होता. दोन घरांनी पुढच्या महिन्यात डबा बंद केला. मी सांगत होते आणि त्याची मान हळूहळू वर आली. पोलीस, मंडळ, आई, सगळे त्याच्याशी गाडीबद्दल बोलले होते. डब्यांचं कुणी बोललंच नव्हतं. त्याला वाटलं होतं, पिशवीत असेल काहीतरी. ती त्यांनी नदीत टाकली होती.

त्याने विचारलं, "आजोबा बरे आहेत?" हे कुणी पढवलेलं नव्हतं.

त्याची आई रडत होती. मीही रडले, त्यात लपवायचं काय.

नंतर वाचलं की न्यूझीलंडमध्ये १९८९ च्या कायद्यापासून असं एकत्र बसणं हा रीतसर भाग आहे. मूल, त्याच्या घरचे, पोलीस आणि ज्याचं नुकसान झालं तो माणूस मिळून पुढचं ठरवतात. माझ्या वाट्याला ती बैठक आली ती एका मॅडमनी मनावर घेतलं आणि एका मिस्त्रीने मागची खोली दिली म्हणून. प्रत्येकाला असं कोण भेटणार? आपल्याकडेही ज्याचं नुकसान झालं त्याला विचारण्याची पद्धत सगळीकडे पडायला हवी. मुलगा कोंडला असता तर माझं मडगार्ड आणि डबे मीच भरले असते आणि त्याला आजोबांचं कधीच कळलं नसतं. पण त्याला नुसता घरी सोडला असता तरी हेच झालं असतं. कागदावर "पर्यवेक्षणाखाली" लिहून भागत नाही. रोज सकाळी साडेनऊला कुणीतरी शटरपाशी त्याची वाट बघायला लागतं. असे मिस्त्री आणखी हवेत, आणि त्यांना निदान मुलाच्या जेवणाचा, हत्यारांचा खर्च तरी मिळायला हवा.

मडगार्डचे पैसे तो आठवड्याला दोनशे असे फेडतोय. मिस्त्री वहीत लिहितात आणि पुढे माझी सही घेतात. परवा शेवटचे दोनशे राहिले होते.

सर्व्हिसिंगहून गाडी घेताना पाहिलं तर पुढे दोन पिशव्यांसाठी दोन हुक बसवलेले, आधी एकच होता. मी सांगितलं नव्हतं, बिलातही नव्हतं. विचारलं तर म्हणाला, "एका हुकावर पिशवी झुलते काकू, आमटी सांडत असेल." आणि किल्ली माझ्या हातात देताना, "काढून घेत जा, वर जाताना."

गॅरेज सोमवारी बंद असतं. पुढचं ऑइल तीन हजार किलोमीटरला, म्हणजे माझ्या फेऱ्यांच्या हिशेबाने दिवाळीनंतर. गाडी त्याच्याकडेच देणार आहे, फक्त पाचला म्हणाले तर मी साडेसातलाच जाणार.