‘ऑप्टिकल सेन्सर’ हातमोजा घेण्याआधी हे वाचा: आमच्या अण्णांच्या बाबतीत काय झालं

अर्धांगवायू झालेल्या माणसाच्या हातात घालायचा, बोटांच्या टोकांना निळा उजेड पडणारा एक हातमोजा आमच्या भागात मोफत तपासणी शिबिरांतून विकला जातोय. आम्ही 38,500 रुपयांना घेतला, शिवाय दर महिन्याला ‘रिपोर्ट’चे 1,800. तो हातमोजा बोटांची हालचाल मोजतो असं सांगतात. तो काहीच मोजत नाही. आम्ही तो उघडून पाहिलाय, म्हणून खात्रीने लिहितेय.

माझे वडील, अण्णा, इचलकरंजीत यंत्रमागावर जॉबर होते. मागाचा आवाज ऐकून कुठे काय बिघडलंय ते सांगायचे आणि तुटलेला धागा बघता बघता सांधायचे. झटका आला आणि उजवी बाजू गेली. पाय हळूहळू सावरला, बोलणंही बरंच सुधारलं, पण उजव्या हाताची बोटं मुठीत वळलेलीच राहिली. फिजिओथेरपिस्ट मॅडम घरी यायच्या, एकेक बोट हळू उघडायच्या, आम्हाला शिकवायच्या. प्रगती होती, पण मुंगीच्या पावलांची.

शिबिर एका मंगल कार्यालयात होतं. पांढरे कोट घातलेली तरुण मुलं, मोठा टीव्ही, टेबलावर काळा हातमोजा. त्यांच्यातल्याच एकाने तो घालून बोटं हलवली की टीव्हीवरचा चित्रातला हात तसाच हलायचा. अण्णांना मुलगा म्हणाला, “काका, तुमच्या मेंदूला बोटं कुठे आहेत तेच कळत नाहीये. हा सेन्सर प्रकाशाने बोट वाचतो आणि मेंदूला परत शिकवतो.” माहितीपत्रकावर ‘नासाने वापरलेलं तंत्रज्ञान’ असं छापलेलं आणि खाली ‘लकवा 90 दिवसांत बरा’.

या खोटेपणाला खऱ्या गोष्टीचं अस्तर लावलेलं आहे, म्हणून तो ओळखू येत नाही. प्रकाशाने बोटांची हालचाल मोजणारे हातमोजे खरोखर असतात आणि ते जुने आहेत. शिकागोच्या इलिनॉय विद्यापीठात 1977 साली असा एक हातमोजा झाला होता. त्यात बोटांवर लवचीक नळ्या होत्या, एका टोकाला दिवा आणि दुसऱ्या टोकाला प्रकाश ओळखणारा सेल. पुढे अमेरिकन संशोधक टॉमस झिमरमन यांनी याच कल्पनेवरच्या वाकणाऱ्या सेन्सरचं पेटंट घेतलं आणि जेरॉन लॅनियर यांच्यासोबत व्हीपीएल या कंपनीतून 1987 साली ‘डेटाग्लोव्ह’ बाजारात आणला. त्यात ऑप्टिकल फायबर, म्हणजे उजेड वाहून नेणारा बारीक धागा, होतं. कॅलिफोर्नियातल्या नासाच्या एम्स केंद्रात आभासी जगाच्या प्रयोगांसाठी तो वापरलाही गेला. म्हणजे पत्रकावरचं नासाचं वाक्य अगदी हवेतलं नव्हतं. पण त्या हातमोज्याचा या वस्तूशी काडीचाही संबंध नव्हता, आणि नासाने तो कुणाचा अर्धांगवायू बरा करायला वापरला नव्हता.

खरा सेन्सर कसा चालतो हे जरा सविस्तर सांगते, कारण पारख तिथेच होते. फायबरच्या एका टोकाला एलईडी असतो. त्याचा उजेड फायबरच्या आतल्या आत आपटत पुढे जातो आणि दुसऱ्या टोकाच्या फोटोडायोडवर, म्हणजे उजेड ओळखणाऱ्या भागावर, पडतो. बोट सरळ असलं की बराचसा उजेड पोचतो. बोट वाकलं की वळणावर थोडा उजेड बाहेर निसटतो आणि फोटोडायोडवर कमी पडतो. ही घट नीट कळावी म्हणून सांध्यावर येणाऱ्या भागात फायबरवर मुद्दाम प्रक्रिया केलेली असते, नाहीतर बोट थोडंसं वाकल्याने फारसा फरक पडत नाही. उजेड किती घटला त्यावरून सांधा किती वाकला याचा हिशेब होतो. म्हणून उजेडाला जायला वाट हवी तशी परत यायलाही हवी, किंवा उजेड ओळखणारा भाग टोकालाच बसवावा लागतो. उजेड कुठेतरी मोजला गेलाच पाहिजे.

आमच्या हातमोज्यात उजेड मनगटापासून निघून बोटाच्या टोकाला बाहेर पडायचा आणि संपायचा. तोच तो निळा उजेड, जो बघून शिबिरातले सगळे थक्क झाले होते. जो उजेड तुम्हाला बोटाच्या टोकाला दिसतोय, तो सेन्सरपर्यंत पोचलेलाच नाही.

घरी आल्यावर ॲपमध्ये अण्णांचं नाव, वय आणि झटक्याची तारीख भरली. पडद्यावर ‘रिकव्हरी इंडेक्स 18 टक्के’ असं आलं. रोज अर्धा तास हातमोजा घालून बसायचं. आठवडा सरला की आकडा वाढलेला असायचा: 27, मग 34, मग 41. अण्णांचा चेहरा उजळायचा. भेटायला आलेल्या जुन्या कामगारांना ते डाव्या हाताने मोबाईल पुढे करून आकडा दाखवायचे. मला सगळ्यात जास्त राग या गोष्टीचा आहे. पैशांचा आहेच, पण एका आजारी माणसाच्या आशेला खोटा आकडा जोडून ती दर महिन्याला 1,800 रुपयांना विकणं, याला माझ्याकडे शब्द नाही.

आणि त्यांनी आणखी एक सांगितलं होतं. “दुसरीकडचे व्यायाम चालू ठेवलेत तर सेन्सरचं रीडिंग बिघडतं, तीन महिने बंद ठेवा.” आता कळतं की हे का सांगतात. फिजिओथेरपिस्ट घरात येत राहिली तर ती दुसऱ्याच भेटीत विचारेल की हे काय आहे. झटक्यानंतरचे पहिले काही महिने हाताच्या सुधारणेसाठी सगळ्यात मोलाचे असतात, आणि नेमके तेच हे लोक खाऊन टाकतात.

आकडा 56 वर गेला तरी अण्णांना पेला धरता येईना. मी मॅडमना बोलावलं. त्यांनी बॅगेतून गोनिओमीटर काढला, सांध्यावर ठेवून कोन वाचायची दोन पट्ट्यांची साधी प्लास्टिकची वस्तू. तर्जनीचा एकेक सांधा मोजला आणि आपल्या जुन्या नोंदी काढल्या. सुधारणा शून्य होती. उलट, मदतीने पूर्ण उघडणारी मधली दोन बोटं आता अर्ध्यावर अडत होती, सांधे आखडायला लागले होते. मॅडम रागावल्या नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, “ॲपवर छप्पन टक्के कशाचे?” याचं उत्तर कुणाकडेच नव्हतं.

माझा मावसभाऊ मोबाईल दुरुस्तीचं दुकान चालवतो. त्याने आधी हातमोजा टेबलावर तसाच ठेवला आणि ॲप सुरू केलं. हात आत नसताना ‘आजचं सत्र यशस्वी’ असं आलं. मग त्याने मोबाईलचं ब्लूटूथ बंद केलं, तरीही सत्र यशस्वी. शेवटी मोबाईलमधली तारीख एक महिना पुढे ढकलली, तर इंडेक्स 56 वरून 71 झाला. म्हणजे आकडा अण्णांच्या बोटांवरून येतच नव्हता, तारखेवरून येत होता. यानंतर त्याने मनगटावरची डबी उघडली. आत बॅटरी, एलईडी, मोबाईलशी जोडलं जायला एक चिप, आणि शोभेच्या दिव्यांत असतात तसे पारदर्शक धागे. “ताई, उजेड वाचणारा एकही भाग यात नाही,” तो म्हणाला. मग शिबिरातला टीव्हीवरचा हात कसा हलत होता? माझ्या भावाला वाटतं की ती आधी तयार केलेली चित्रफीत होती आणि त्या मुलाने तिच्याबरहुकूम बोटं हलवण्याचा सराव केला होता. हे आम्ही सिद्ध करू शकत नाही. एवढं मात्र आठवतं की तो हातमोजा पेशंटच्या हातात घालून टीव्हीला एकदाही जोडला नव्हता.

तुम्हाला कुणी असं उपकरण दाखवलं तर तिथल्या तिथे आपल्या माणसाच्या किंवा स्वतःच्या हातात घालायला लावा. एकच बोट वाकवा, आकडा किंवा चित्र त्याच एका बोटाचं बदलायला हवं. हात बाहेर काढून हातमोजा टेबलावर ठेवा, आकडे तिथेच थांबायला हवेत. आणि सुरुवातीला तो हातमोजा तुमच्या हाताशी जुळवून घेतला जातो का, ते बघा. प्रत्येकाच्या बोटांची लांबी वेगळी असते, म्हणून खऱ्या सेन्सर-हातमोज्यात आधी मूठ मिटायला आणि तळवा उघडायला सांगून दोन टोकांची रीडिंग घेतात. ज्याचा हात आखडलाय त्याच्या बाबतीत हे काम आणखी अवघड, कारण तळवा उघडतच नाही; तिथे जाणकार माणसाने हात धरून उघडावा लागतो. आमच्याकडे असं काहीच झालं नाही. पिशवीतून काढा, घाला, सुरू. शिवाय टक्के दाखवणाऱ्या वस्तूला अंश विचारा. सांध्याचा कोन अंशांत मोजतात आणि तो गोनिओमीटरने कुणालाही पडताळता येतो. ‘रिकव्हरी इंडेक्स’ कशानेच पडताळता येत नाही, म्हणूनच तो निवडलेला असतो.

बाजारात हवेच्या पंपावर चालणारे, नळ्यांनी बोटं उघडमीट करणारे हातमोजेही मिळतात. ती वेगळी वस्तू आहे, व्यायामाला मदत करते, आणि काही फिजिओथेरपिस्ट ती वापरायला सांगतातही. दोन्हींची गल्लत करू नका.

कागदांबद्दल. उपचारासाठी मोजमाप करणारं उपकरण हे आपल्याकडे वैद्यकीय उपकरण ठरतं. वैद्यकीय उपकरण नियम 2017 सालचे आहेत आणि कमी जोखमीच्या अ व ब वर्गांनाही 1 ऑक्टोबर 2022 पासून परवान्याची सक्ती लागू झाली. वेष्टनावर उत्पादकाचं किंवा आयातदाराचं नाव, पत्ता आणि परवाना क्रमांक असायला हवा. आमच्या डब्यावर फक्त एक चकचकीत बोधचिन्ह होतं. ‘लकवा बरा करतो’ अशा जाहिरातीबद्दलही 1954 सालचा आक्षेपार्ह जाहिरातींचा कायदा आहे, त्याच्या यादीत लकव्याचं नाव आहे.

पावती मात्र जरूर वाचा, कारण खरी चलाखी तिथे होती. 38,500 रुपयांच्या पावतीवर हातमोज्याचा उल्लेखच नाही, ‘प्रशिक्षण शुल्क’ असं लिहिलेलं. पैसे यूपीआयने गेले ते कंपनीच्या नव्हे, एका माणसाच्या खात्यात. खाली बारीक अक्षरांत ‘वाद झाल्यास न्यायक्षेत्र’ म्हणून दुसऱ्या राज्यातल्या शहराचं नाव. आम्ही परतावा मागितला तेव्हा उत्तर मिळालं की आम्ही वस्तू विकलेलीच नाही, वस्तू भेट आहे. नंतर त्यांचा फोन नंबर बंद झाला.

यातल्या एकाही गोष्टीने घाबरून जाऊ नका. ग्राहक संरक्षण कायदा 2019 वस्तूप्रमाणे सेवेलाही लागू आहे, आणि त्या कायद्याने तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात करता येते, पावतीवर कुठलंही शहर लिहिलेलं असो. दिलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. मुदत 2 वर्षांची. आम्ही आधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, मग कोल्हापूरच्या जिल्हा आयोगात अर्ज केला. तो अजून चालू आहे. पैसे नुकतेच गेले असतील तर सगळ्यात आधी 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, कारण रक्कम पुढे सरकायच्या आत खातं गोठवता आलं तर ती मिळण्याची शक्यता असते. आम्हाला तोवर फार उशीर झाला होता.

मॅडम आता पुन्हा येतात. रोज गरम पाण्याचा शेक, मग एकेक सांधा, मग कपड्यांचे चिमटे. आखडलेली बोटं मोकळी करायला आधीपेक्षा जास्त दुखतं, अण्णा ते सोसतात.

हा हातमोजा तुमच्या घरात आलेला असेल तर तो रागाने फेकून देऊ नका आणि मोबाईलमधून ॲप काढू नका. अपडेट आला तरी घेऊ नका. रिकामा हातमोजा टेबलावर ठेवून सत्र ‘यशस्वी’ होतानाचा व्हिडिओ काढा, तारीख पुढे करून आकडा वाढतानाचाही काढा. पत्रक, पावती, यूपीआयची नोंद आणि फिजिओथेरपिस्टने लिहून दिलेले सांध्यांचे कोन एकत्र ठेवा. एकाच विक्रेत्याने अनेकांना फसवलं असेल तर आयोगाच्या परवानगीने एकत्र तक्रारही करता येते. तुमच्या पावतीवरही ‘प्रशिक्षण शुल्क’ लिहिलेलं असेल तर मला कळवा, आमच्या वकिलांना त्या पावत्या हव्या आहेत.