किट गिटारचं बाइंडिंग बदललं त्याला नऊ महिने झाले, एक जळगावचा उन्हाळा अन् एक पावसाळा काढल्यावरचा अनुभव

मागच्या दिवाळीत लेस पॉल (गिब्सन कंपनीचं जुनं इलेक्ट्रिक मॉडेल) टाइपची किट गिटार मागवली होती, बॉडी वेगळी, नेक वेगळा, वायरिंग आपणच जोडायचं, रंग पण आपणच द्यायचा. लाकूड ठीकठाक निघालं, पण बाइंडिंगने डोकं फिरवलं. बाइंडिंग म्हणजे बॉडीच्या वरच्या कडेने ती क्रीम कलरची पट्टी फिरते ना, ती. आईने विचारलं की गिटारीला पण फॉल लावतात का रे, अन् खरं सांगू तर तेच आहे, कड झाकायची, टोले खाऊन लाकडाचा टवका उडू नये म्हणून अन् दिसायला पण बरं. १९५२ ला पहिली लेस पॉल आली तेव्हापासून ही क्रीम कड तिच्यावर आहे, तिच्याशिवाय ती गिटार उघडीबोडकी वाटते. माझ्यावाली दोन ठिकाणी उचललेली होती अन् कमरेत अशी फट की व्हिजिटिंग कार्ड आत जाईल.

तर डिसेंबरमध्ये ठरवलं की बदलूनच टाकू. काढणं सोपं आहे, आधी कटरने पट्टी अन् लाकडाच्या जोडावर हलकी रेघ मारायची म्हणजे वरचा व्हिनिअर, म्हणजे लाकडाचा पातळ पापुद्रा, सोबत उपटून येत नाही, मग हेअर ड्रायरने एकेक वीत तापवत उचलत जायचं. घाई केली की व्हिनिअर गेलंच समजा, माझा नखाएवढा तुकडा गेला, तो आता व्हॉल्यूमच्या नॉबजवळ रंगाखाली लपलाय. जुन्या पट्टीचा एक तुकडा रात्रभर अ‍ॅसिटोनमध्ये टाकला तर विरघळला नाही, नुसता रबरासारखा फुगला, म्हणजे बहुतेक पीव्हीसी. नवीन पट्टी एबीएस नावाच्या दुसऱ्या प्लास्टिकची घेतली, दीड मिलिमीटर जाड, सहा उंच, तिचा तुकडा सकाळी गुळाच्या पाकासारखा झालेला. हे आधी बघून घ्यायचं कारण गोंद त्यावर ठरतो. एबीएस अ‍ॅसिटोनमध्ये विरघळतं, म्हणून उरलेल्या कातरणांचेच तुकडे बाटलीत टाकून घट्ट लापशी केली की तोच गोंद, रंगाला रंग पण जुळतो. सेल्युलॉइडची पट्टी पण मिळते, ती दिसते भारी पण जुने टेबल टेनिसचे बॉल पेटवून बघितलेत ना कसे भक्कन जायचे, तोच माल, आपल्या पत्र्याच्या खोलीत मला नको वाटली.

सल्ले देणारे भरपूर. आमच्या गल्लीतले मिस्तरी, अमळनेरकडचे, गिटार हातात घेऊन उलटीपालटी करून म्हणाले, "हाई तं दरवाजानी लिपिंग शे भाऊ, फेव्हिकॉल लाव अन् दाबी दे." लिपिंग म्हणजे दाराच्या कडेला लावतात ती पट्टी. फेव्हिकॉल लाकडाला लाकूड धरतो, प्लास्टिकला नाही, हे त्यांनाच दुसऱ्या दिवशी तुकड्यावर दाखवलं तेव्हा पटलं. मित्र म्हणे पाइप जोडायचं सोल्युशन लाव, जळगावात ते काय पानटपरीवर पण मिळेल. लावून बघितलं, धरतं, पण इतकं लवकर ओढतं की सव्वा मीटर पट्टी वळवत बसवायला वेळच नाही. शेवटी लापशीच वापरली, वीतभर लावायची, दाबायचं, कागदी टेप ताणून चिकटवायचा, पुढे सरकायचं. गिटार टेपने गुंडाळून ममी झाली होती.

पण मी दोन चुका केल्या अन् दोन्हींचा हिशोब महिन्यांनी आला, म्हणून तर हे लिहितोय, लावल्या लावल्या लिहिलं असतं तर पाच स्टार देऊन मोकळा झालो असतो.

पहिली म्हणजे घाई. दुसऱ्या दिवशी सकाळीच टेप काढला अन् कटरचं पातं उभं धरून पट्टी लाकडाच्या लेव्हलला खरवडली. काय मस्त कीस निघतो हो त्याचा, पांढरा, कुरळा, खोबऱ्यासारखा, थांबवतच नाही. हात फिरवला तर एकदम गुळगुळीत. फेब्रुवारीत कधीतरी कडेवर नख फिरवलं तर टक्क अडकलं, पट्टी खाली बसलेली. झालं असं की अ‍ॅसिटोनने पट्टी आतून फुगलेली असते, ते उडून जायला दिवस लागतात, अन् मी फुगलेलीच लेव्हल केली, मग ती सुकून आकसली. निदान आठवडाभर हात लावायचा नव्हता.

दुसरी चूक मोठी. कटअवे म्हणजे नेकजवळ बॉडीचं शिंगासारखं टोक असतं त्याच्या आतला वळसा, तिथे पट्टी वळायलाच तयार नव्हती, टेप लावला की पाच मिनिटात परत सरळ. तापवून आधी वाटीभोवती वाकवून तसाच गार होऊ द्यायला पाहिजे होता, म्हणजे तो आकार धरतो, पण रात्रीचे अकरा वाजलेले, मी तिथे पातळ सुपर ग्लू सोडला अन् बोटाने दाबून बसलो. बोट चिकटलं ते सोडा, ग्लू व्हिनिअरमध्ये झिरपला अन् नंतर डाय, म्हणजे लाकडात मुरणारा रंग, मारला तर तेवढ्या जागी रंग चढलाच नाही, पिवळट डाग आहे अजून, वाळलेल्या केळीच्या पानासारखा.

आता उन्हाळा. मला वाटलं होतं मेमध्ये सगळं उघडं पडेल, पंचेचाळीसच्या पुढे पारा, खोलीत कूलर, गिटार भिंतीला. काही झालं नाही! मी सगळ्यांना सांगत फिरलो की बघा किती पक्कं काम आहे. जूनमध्ये पहिला मोठा पाऊस पडला, दोन दिवसात हवा गार, अन् कटअवेतली पट्टी उचलली, अर्धा मिलिमीटर फट. विचार केल्यावर माझा हिशोब असा बसला: मीटरभर एबीएस वीस अंशांनी गार झालं की दीड-पावणेदोन मिलिमीटर आकसू बघतं, लाकूड मात्र पावसाळी दमटपणाने आडवं फुगतं. म्हणजे पट्टी आखडतेय अन् बॉडी वाढतेय. बाहेरच्या गोलाईवर ती आणखी घट्ट बसते पण आतल्या वळशात दोरी ताणल्यासारखी सरळ व्हायला बघते, अन् तिथेच माझा सुपर ग्लू, जो कडक असतो पण लवचिक नाही, तडकला. लापशी लावलेली बाकी सगळी कड आजपण तशीच आहे, गणपतीत चार रात्री मंडळात वाजवली, घाम, गुलाल सगळं लागलं, क्रीम रंग थोडा गुलाबी झाला होता तो ओल्या फडक्याने निघाला.

पट्टी चांगली आहे, खर्च पण साडेतीनशेच्या आसपास, टेप अन् अ‍ॅसिटोन धरून. पण मूळ बाइंडिंग फक्त रंगाने मळलं असेल तर बदलू नका, पात्याने खरवडा, अर्ध्या तासाचं काम आहे. उचललं असेल तरच हे लफडं करा, अन् करायचं तर थंडीत करा, मेमध्ये अ‍ॅसिटोन बाटलीतून काढेपर्यंतच उडून जातो.

कटअवेचा तुकडा दिवाळीच्या सुट्टीत परत करणार, मिस्तरींनी वाटीऐवजी चाळीस मिलिमीटरचा पाइप कापून देतो म्हटलंय, त्यावर वाकवायला. तोवर पट्टी तिथे बोटाने दाबली की टक् वाजते, बॉडीजवळच्या वरच्या फ्रेटवर (नेकवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या) गेलं की तळहात लागून ऐकू येते, पिकअपमधून, म्हणजे तारांचा आवाज अ‍ॅम्पला पाठवणाऱ्या भागातून, मात्र काही येत नाही.