अँटीपॅटर्न शिकवायचे कसे: स्लाइडवरून की एकमेकांचा कोड तपासून?

कोड लिहिताना पुन्हापुन्हा होणारी, सोयीची वाटणारी पण पुढे त्रास देणारी चूक म्हणजे 'अँटीपॅटर्न'; प्रोग्रामर अँड्र्यू कोनिग यांनी १९९५ मध्ये हा शब्द दिला. आज अशा चुकांच्या तयार याद्या मिळतात. स्लाइडवरून 'गॉड ऑब्जेक्ट'ची, म्हणजे सगळी कामं स्वतःकडे घेणाऱ्या एकाच क्लासची (कोडच्या घटकाची), व्याख्या दहा मिनिटांत सांगून होते. परीक्षेपुरती ती पुरते. स्वतःच्या कोडमध्ये मात्र तीच चूक विद्यार्थ्याला सोयीची वाटते: सगळं एकाच क्लासमध्ये, शोधाशोध नको.

गिटहबवर, म्हणजे कोड ठेवून एकत्र काम करायच्या वेबसाइटवर, चौघांनी मिळून एक प्रोजेक्ट केला की चित्र पालटतं. बिल, स्टॉक, लॉगिन एकाच फाइलमध्ये कोंबलं असेल, तर वारंवार मर्ज कॉन्फ्लिक्ट येतात, म्हणजे एकाच जागी दोघांनी केलेले बदल एकमेकांशी जुळत नाहीत. पुल रिक्वेस्टवर (आपला बदल मुख्य कोडमध्ये घ्या, या विनंतीवर) मैत्रीण विचारते, 'हे इथे का?' उत्तर लिहितानाच दोष उमगतो. यात वेळ फार जातो, आणि शिक्षकाचं लक्ष नसेल तर चौघांतला एकटाच राबतो. तरी मी हीच वाट निवडेन. व्याख्या नंतर सांगता येते.